पोटातली नळी आणि घरची विहीर

माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखन त्याहून वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली, मग हातात पेन्सिलीऐवजी खुरपं आलं. वाचणाऱ्याने चुका सांभाळून घ्याव्यात. घरी आम्ही आमची बोली बोलतो, ती मला लिहिता येत नाही, म्हणून शाळेत शिकले तशी लिहिते.

लिहायचं कारण असं. माझ्या नणंदेच्या सुनेला परवा मुतखड्याचं ऑपरेशन करून घरी आणलं. तिच्या आत नळी ठेवली आहे. मी बघायला गेले तर ती म्हणाली, "मामी, तुम्हाला पण होती ना अशी नळी? कसं असतं?" घरात माणसं बसली होती. मी म्हटलं, "असतं थोडे दिवस," आणि चहाला मदत करायला आत गेले. मला हे तोंडाने सांगता येणार नाही. म्हणून लिहून तिला देणार आहे. तिने वाचावं, आणि दुसऱ्या कुणा बाईला लागलं तर तिला द्यावं. पुरुषांनी वाचलं तरी चालेल, पण माझ्यासमोर वाचू नये.

*

आमची वाडी वसईकडच्या गास गावात. केळी, मेथी, मुळा, लाल माठ, वालाच्या शेंगा. त्या वेळी मी रोज सकाळी जुड्या बांधून गावच्या टेम्पोने विरारला जायचे आणि बोळिंजच्या नव्या बिल्डिंगांसमोर गटाराच्या कडेला बसायचे. शेजारी राजोडीची हिरामावशी सुकी मासळी घेऊन बसायची. माझ्या जागेवर आधी माझ्या सासूबाई बसत.

बाजारात बसणाऱ्या बाईची एक रीत असते. घरातून निघताना कपभर चहा घ्यायचा आणि परत घरी येईपर्यंत पाणी प्यायचं नाही. कारण जायला जागा नसते. हे कुणी शिकवत नाही. सासू पीत नाही म्हणून सून पीत नाही. लघवी तुंबवून ठेवायची, आणि तुंबायला नको म्हणून तहान मारायची. अशी माझी चौदा-पंधरा वर्षं गेली. उन्हाळ्यात घसा कोरडा पडला की मी एक चिंचेचं बुटुक तोंडात धरायचे.

एका सकाळी पाठीत डावीकडे कळ आली. मला वाटलं वायू धरला असेल. मग ती कळ पुढे पोटात, खाली जांघेत उतरली. मी मेथीच्या पाटीवर वाकले.

हिरामावशी म्हणाली, "का गो, या वयात पोटुशी बिटुशी हायस का?"

मी हसायला गेले आणि मेथीवरच पडले. पुढचं मला नीट आठवत नाही. मावशीने रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला शिव्या देत देत मला दवाखान्यात नेलं, एवढं माहीत आहे. तिच्या बोंबलाचा वास माझ्या साडीला लागला होता.

*

वसईच्या हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. डॉक्टर पुरुष होते, तरुण. त्यांनी खडा दाखवला. मला काही दिसला नाही, पण मी मान हलवली. खडा किडनीतून उतरून खालच्या वाटेत अडकला होता आणि वर किडनी फुगली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?"

माझ्याऐवजी आमच्या ह्यांनी उत्तर दिलं. "पाण्याची काय कमी, डॉक्टर? आमची घरची विहीर आहे. बारमाही. भर मे महिन्यात पण दोर जास्त सोडावा लागत नाही."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. ते खोटं बोलत नव्हते. विहीर तशीच होती. मी माझ्या पायांकडे बघत राहिले. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पाणी भरपूर, असंच लिहिलं असेल.

ऑपरेशन दुर्बिणीतून केलं. कापलं नाही, टाके नाहीत. कमरेत सुई दिली की खालचं अंग आपलं राहत नाही. छताला एक पंखा होता, बंद. मी त्याची पाती बघत पडले होते. खडा फोडला आणि वाट सुजली होती म्हणून आत नळी ठेवली. किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत. तिच्यातून लघवी उतरते आणि वाट बुजत नाही. नंतर एक्स-रेत मी ती पाहिली. पांढरी, बारीक, आणि दोन्ही टोकांना काकडीच्या वेलाच्या शेंड्याला येते तशी गुंडाळी. त्या गुंडाळीमुळे ती सरकत नाही.

वॉर्डात सकाळी उजाडायच्या आत सिस्टर उठवायच्या. लघवी मापाच्या भांड्यात धरायची आणि त्यांना दाखवायची. मी ते भांडं पदराखाली झाकून न्यायचे. वॉर्डातल्या सगळ्याच बाया तसंच न्यायच्या. सगळ्यांना माहीत, पदराखाली काय आहे.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर ह्यांच्याशी बाहेर बोलले. घरी आल्यावर हे विहिरीच्या रहाटाकडे बघत मला म्हणाले, "आत नळी ठेवलीय. दीड महिन्याने काढायची."

मी विचारलं, "कुठून?"

"डॉक्टर काढतील," म्हणाले आणि केळींना पाणी सोडायला गेले. कुठून काढतील ते त्यांनाही सांगता येईना. आमचं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती.

ते मला पुढे तपासणीच्या दिवशी सिस्टरने सांगितलं. सिस्टर केरळची, मराठी जेमतेम. "जिथून टाकला, तिथून काढेल. कापणार नाही. शरम नको. इथे सगळ्या बाईचा सारखाच."

*

आता नळी असताना कसं होतं ते सांगते, म्हणजे तू घाबरणार नाहीस.

सारखी घाई होते. जाऊन आलं तरी वाटतं राहिलं. लघवी करताना पाठीत कळ वर चढते, मग उतरते. ती आली की भिंतीला हात लावून उभं राहावं. कधी लघवी गुलाबी होते. जास्त चाललीस, वाकलीस, हंडा उचललास की लाल होते. पाणी प्यायलं आणि पडून राहिलं की निवळते. झोपेत कूस बदलताना आत काहीतरी आहे हे कळतं. कुणाला जास्त जाणवते, कुणाला कमी. मला जास्त जाणवली.

आमच्या चर्चमध्ये बायका पुढच्या बाकांवर बसतात. पहिल्या रविवारी मी माझ्या नेहमीच्या जागी बसले आणि फादर प्रवचनाला उभे राहिले तशी मला घाई झाली. सगळ्यांसमोरून उठून गेले. परत आले तर पुन्हा. बाहेर पडताना एक बाई दुसरीला म्हणाली, "हिला फादरचं प्रवचन पचत नाही वाटतं." मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. पुढच्या रविवारपासून मी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसू लागले. तिथे म्हातारे पुरुष बसतात. त्यांतले दोघे माझ्यासारखेच उठून जायचे. आम्ही एकमेकांकडे बघत नसू.

*

काही दिवसांनी बाजारात परत जायला लागले. पाटी हे टेम्पोत चढवायचे, उतरवायला मावशी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाणी पीत राहा. पण तिथे पाणी प्यायलं तर जायचं कुठे? आधी नुसतं तुंबवता तरी यायचं. आता नळी तुंबवू देत नव्हती.

हिरामावशीला जागा माहीत होती. अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगच्या मागे, सिमेंटच्या पिंपांच्या आड. "तू जा, मी हितं उभी ऱ्हाते. कोन आला तं खोकते."

मी गेले आणि तशीच परत आले. वरच्या मजल्यावर गवंडी काम करत होते.

म्हणून मी जुनाच मार्ग धरला. सकाळपासून पाणी बंद. दुपारी घरी गेले की लघवी चहासारखी, मग लाल. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि या वेळी माझ्याकडे बघून विचारलं, "खरं सांगा, पाणी पिता?"

हे बाहेर औषधं आणायला गेले होते. मी मान हलवली, नाही म्हणून.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "पाणी नाही प्यायलात तर या नळीवरच खडा चढेल. आणि दीड महिन्यात, जास्तीत जास्त दोन, ती बाहेर आलीच पाहिजे. जास्त राहिली तर आत चिकटते. मग ओढून निघत नाही. पुन्हा मोठं ऑपरेशन, आणि ती किडनी जाऊ शकते."

आमच्या विहिरीला भरपूर पाणी आणि मी त्याच्यावाचून किडनी घालवणार होते. हे मला तेव्हा कळलं. पण जागेचं काय करायचं, ते नाही कळलं.

*

आम्ही भाजी घेऊन बसायचो त्याच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर शिंदेवहिनी राहायच्या. साताऱ्याकडच्या, शाळेत दुपारच्या पाळीला शिक्षिका. त्या काळी त्या बिल्डिंगांना नळ होते, पण नळाला पाणी नव्हतं. टँकर यायचा, कधी यायचाही नाही.

एक दिवस वहिनी भाजीला आल्या त्या तावातावानेच. "आज पण टँकर नाही. दोन बादल्यांत चार माणसं. काय करायचं? घरात संडास आहे आणि त्यात ओतायला पाणी नाही!"

हिरामावशीने सुका जवळा मापता मापता मोठ्याने सांगितलं, "ही बघ बाय. हिच्याकडं विहीर हाय, जायाला जागा नाय. तुज्याकडं जागा हाय, पानी नाय. बसा दोघी बोलत."

सगळी लाइन ऐकत होती. कांदेवालाही. मी मुळ्याची पानं सारखी करू लागले, ती आधीच सारखी होती. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग जवळ बसल्या आणि हळू विचारलं, "तुम्ही सकाळपासून इथे बसता, मग कुठे जाता?"

मी म्हटलं, "नाही जात."

 त्या उठल्या आणि आपल्या दाराकडे वळल्या. मग म्हणाल्या, "चला."

दुसऱ्या दिवसापासून टेम्पोत भाजीबरोबर एक कॅन यायला लागला. भरायचे हे, उतरवायच्या वहिनी स्वतः. मी त्यांच्या घरी जायचे आणि आल्यावर तांब्याभर पाणी पिऊन पुन्हा भाजीपाशी बसायचे. शेजारच्या बाईने एकदा दारातून विचारलं, "काय हो, आता बाजार घरातच भरवणार का?"

वहिनी म्हणाल्या, "भरवते की. तुम्हाला पण बादलीभर पाणी देऊ का?"

त्या बाईने बादली आणली. लघवीचा रंग आठवड्याभरात निवळला.

*

दीड महिना होत आला आणि मोठा वारा सुटला. आमची केळी उभ्याची आडवी झाली, घडांसकट. घरात होतं ते सगळं पहिल्या ऑपरेशनला गेलं होतं. नळी काढायलाही पैसे लागणार होते.

सासूबाई म्हणाल्या, "दुखत नाही ना आता? मग राहू दे महिना-दोन महिने. नवीन केळी लागू दे." त्या दुष्ट नव्हत्या. त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं नव्हतं, आणि ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं नव्हतं.

कुठून कळलं कोण जाणे, टँकरचा माणूस आला. ओटीवर बसला. आमच्या गावाने ठरवलेलं होतं की टँकरला विहीर द्यायची नाही. पलीकडच्या एका गावात विहिरी दिल्या तर दोन उन्हाळ्यांत पाणी मचूळ झालं, वाड्या गेल्या. त्या माणसाने आगाऊ रक्कम सांगितली. तेवढ्यात नळी निघाली असती आणि नवीन केळीही लागली असती.

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "विहीर दिलीस तर गावाला काय तोंड दाखवशील?"

हे म्हणाले, "गाव हिची किडनी देणार आहे का?"

मी आत चुलीपाशी होते. माझ्यासाठी कुणी एवढ्या मोठ्याने बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. मी दारात येऊन म्हटलं, "विहीर द्यायची नाही. नळी राहू दे."

"राहू दे म्हणजे? डॉक्टर काय बोलले ते विसरलीस?"

"नाही विसरले."

मी परत चुलीपाशी गेले. टँकरच्या माणसाला त्यांनी रविवारी कळवतो म्हणून सांगितलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी मी भाव विसरत होते. एका गिऱ्हाइकाला दोनदा सुटे दिले. हिरामावशीने ओळखलं. "का झाला गो? नवऱ्यानं मारला का?"

"नाही."

"मंग सासूनं?"

मी तिला सांगितलं. तिला सांगणं म्हणजे काय, ते मला माहीत असायला हवं होतं. वहिनी कॅन उचलायला आल्या तशी ती उठून उभी राहिली. "ए मास्तरीणबाय! हिची नळी आत सडायला लागली. पैसा नाय म्हनून नवरा विहीर इकतो. विहीर गेली तं तुजा कॅन पन गेला, ही पन गेली. का करतेस त्ये कर."

मी मावशीचा पदर ओढत होते. ती म्हणाली, "वढ, वढ. फाटला तं नवीन घे."

वहिनींनी कॅन खाली ठेवला. मला आत नेलं, खुर्चीवर बसवलं. मी कधी त्यांच्या खुर्चीवर बसले नव्हते. त्यांनी विचारलं, "तारीख कधीची आहे?" मी सांगितली. "आणि मला कधी सांगणार होतात?"  शाळेत जाताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पैसे आणून दिले. म्हणाल्या, "हे उसने आहेत. दान नाही. सावकाश द्या, पण द्या." असं म्हणाल्या म्हणूनच मला घेता आले.

घरी मी ती पुडी ह्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी कुणाचे ते विचारलं.  दुसऱ्या दिवशी टेम्पोत एकाऐवजी दोन कॅन होते.

*

नळी काढायचं सांगते. यालाच सगळ्यात भ्यायले होते.

या वेळी भूल नसते. एक थंड मलम घालतात, त्याने बधिर होतं. टेबलावर पाय वर ठेवावे लागतात.  तीच केरळची सिस्टर होती. तिने माझ्या छातीजवळ एक हिरवं कापड आडवं धरून टाचलं, म्हणजे मला डॉक्टर दिसेनात आणि त्यांना माझा चेहरा. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तूही मागून घे. कापड सगळीकडे असतं.

मग तिने माझा हात धरून विचारलं, "लाल माठ कसा दिला?"

मी भाव सांगितला.

"महाग!"

मी म्हटलं, "तुम्हाला कमी करीन."

तेवढ्यात आत जोरात ओढल्यासारखं झालं, लघवीला झाली असं वाटलं आणि डॉक्टर म्हणाले, "झालं." मेथीच्या दोन जुड्या बांधायला लागेल एवढाच वेळ. दीड महिना मी त्याचं ओझं वागवलं होतं.

डॉक्टरांनी ती नळी भांड्यात दाखवली. टोकाच्या गुंडाळीवर पांढरा थर धरला होता, पाण्याच्या पिंपाच्या तोटीला धरतो तसा. ते म्हणाले, "वेळेवर आलात. सुरुवात झाली होती." मग ह्यांना बोलावून त्यांनाही दाखवली. हे खाली वाकून बघत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "पाणी पिणार?" आणि कॅन्टीनमधून ग्लास आणला. दाराजवळच्या बाकावर बसून मी तो प्यायले. ते माझ्याकडे बघत होते, मी संपवते की नाही ते.

दोन-तीन दिवस जळजळ झाली. मग काही नाही. अजून काही नाही.

*

टँकरच्या माणसाला ह्यांनी नकार कळवला. विहीर आमची आमच्याकडे राहिली.

वहिनींचे पैसे मी थोडे थोडे देत गेले. केळी लागली, घड आले, तरी वेळ लागला. मधे एक वर्ष काहीच देता आलं नाही. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी विसरले नाही. त्याच काळात बिल्डिंगला नळाचं पाणी आलं आणि कॅन बंद झाला. मी मात्र त्यांच्या घरी जातच होते. एवढंच नाही, आमच्या लाइनीतल्या बाकीच्या बायाही जायला लागल्या होत्या, हिरामावशी सगळ्यांत आधी.

शेवटचे पैसे घेऊन गेले तेव्हा वहिनी वह्या तपासत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, हे शेवटचे. आता फिटले."

त्यांनी नोटा घेतल्या, त्यांतल्या काही वेगळ्या काढल्या आणि माझ्या पुढे सरकवल्या. "हे तुमचे. इतके महिने पाणी आणलंत. टँकरवाल्याने त्याचे केवढे घेतले असते. ते वजा करायला नकोत का?"

मी म्हटलं, "ते घेतले तर मी पाणी विकलं असं होईल. आम्ही पाणी विकत नाही."

घराबाहेर एवढं लांब मी कधी बोलले नव्हते. माझं तोंड गरम झालं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, बाजूला काढलेल्या नोटा पुन्हा बाकीच्यांत घातल्या आणि म्हणाल्या, "बरं. सगळे मिळाले."

मग त्यांनी उठून नळ सोडला आणि ग्लास भरून दिला. सकाळचीच वेळ होती, भाजी अजून अर्धी विकायची होती. मी तो ग्लास पूर्ण प्यायले आणि मेथीपाशी जाऊन बसले.